मंदाच्या फाटकातला कांचन

रामदासपेठेतल्या दवाखान्यातून मंदाच्या यजमानांचा, म्हणजे आमच्या भाऊजींचा, फोन आला तेव्हा मी गॅलरीत उभी होते आणि समोर तिचंच झाड होतं. "शैलाताई, मंदा गेली," एवढंच ते म्हणाले. मला रडू आलं नाही. मला राग आला. आदल्या दिवशी ऑटोत बसता बसता ती मला म्हणाली होती, "दसऱ्याच्या आत येतो मी. तोवर झाडाकडे पाहशील नं वं?" छातीत दुखतंय म्हणून निघालेली बाई, चेहरा पांढरा पडलेला, आणि बोलणं झाडाचं! मी फटकन म्हटलं, "आधी स्वतःकडे पाहा." आमचं शेवटचं बोलणं हे असं झालं... गेलेल्या माणसाबद्दल गोड गोड लिहायची पद्धत आहे. मंदाबद्दल गोड लिहिण्यासारखं पुष्कळ आहे आणि ते मी लिहीनच. पण मी चिडलेली आहे, आमच्या गल्लीवर आणि थोडी मंदावरसुद्धा, हे आधीच सांगून टाकते.

नंदनवनात आम्ही समोरासमोर राहायला आलो तेव्हा दोघींचे डोक्यावरचे केस काळे होते. तिचं घर तळमजल्याचं, पुढे छोटंसं अंगण. मी समोरच्या इमारतीत वरच्या मजल्यावर. ती उमरेडची, विणकराच्या घरची. वडिलांचा हातमाग होता आणि लहानपणी आईजवळ बसून तिनं सुताच्या कांड्या भरल्या होत्या. पुढे तो माग बंद पडला, भाऊ दुसऱ्या धंद्यांना लागले, मंदा नागपुरात येऊन एका शाळेच्या कार्यालयात कारकून झाली. पण रंगाची नजर काही गेली नाही. अंगणात एक फुलझाड लावायचं ठरलं तेव्हा माझ्यासारखी पावसाळ्यात जाऊन मिळेल ते रोप उचलून आणणाऱ्यातली ती नव्हती. थंडीच्या तोंडाला मला घेऊन नर्सरीत गेली. "फुलावर आल्याबिगर रंग कसा समजीन? लुगडं तू न पाहता घेतं का?" नर्सरीवाल्यानं पांढरा कांचन दाखवला, फिका गुलाबी दाखवला. ही पुढेच चालत राहिली. शेवटी कुंपणाजवळ एक जुनं झाड होतं, गुलाबीत जांभळ्याची झाक असलेल्या फुलांनी भरलेलं. त्याच्यापुढे ती थांबली आणि म्हणाली, "याच्याच बियांचं रोप द्या." मग रोपं बघताना पिशव्या उलट्यापालट्या करून खालून बघितल्या. मुळांची गुंडाळी झालेलं एकही रोप घेतलं नाही. उंच दिसणारी दोन रोपं नाकारून बुटकं पण सरळ खोडाचं तेवढं घेतलं. नर्सरीवाला वैतागला, मीही वैतागले. मला घरी जाऊन कुकर लावायचा होता.

आमच्याकडची माती काळी, पाणी धरून ठेवणारी. तिनं खड्ड्यात मुरूम मिसळला, रोप थोडं उंचवट्यावर बसवलं आणि भोवती वाळक्या पानांचा थर दिला. पाणी ती भरपूर घालायची, पण रोज नाही. माती वरून कोरडी झाली की नाही हे बोट खुपसून पाहायची. यात काही बोलायला जागा नव्हती. भांडण झालं ते जागेवरून. मी म्हणत होते, मागच्या अंगणात लाव. ऊन तिथंही येतं आणि कोणाचा हात पोचणार नाही. तिनं लावलं ते थेट फाटकाशी. "मांगं लावलं त पाहीन कोण?" हे तिचं उत्तर. पुढे झाड वाढलं तेव्हा मी म्हटलं, निदान खालच्या फांद्या छाट, म्हणजे येणारे-जाणारे ओरबाडणार नाहीत. त्यावर ती माझ्याकडे असं बघायला लागली की जसं काही मी तिच्या पातळाला कात्री लावायला निघाले आहे. "अवं, किनार खालीच असते नं. वरून सारं भरलं अन् खाली कोरं, थे काय लुगडं झालं?" तिला ते झाड जमिनीपासून वरपर्यंत फुललेलं पाहायचं होतं, फाटकातून आत येणाऱ्या माणसाच्या डोळ्यांसमोर फूल यायला हवं होतं. तिची मागणी एवढीच होती. आयुष्यात दुसरं काही तिनं हट्टानं मागितलेलं मला आठवत नाही.

आता कांचनाचं पान कसं असतं ते सगळ्यांना माहीत आहे. मधून चिरलेलं, दोन पाळ्यांचं. आपट्याचंही तसंच, एकाच कुळातली झाडं ती. आपट्याचं पान लहान, जाड, खरबरीत. कांचनाचं मोठं, मऊ, तुकतुकीत. आणि मंदाचा या जातीचा कांचन ऐन दसऱ्यात कळ्या धरतो आणि दिवाळीच्या पुढेमागे फुलतो. पुढचं सांगायला नकोच. झाड हाताला लागण्याइतकं झालं त्या वर्षीच्या दसऱ्याला सकाळी मंदानं दार उघडलं तर खालच्या सगळ्या फांद्या नागड्या. पानं गेली ती गेली, पानांबरोबर कळ्यांचे झुपकेही गेले. आणि संध्याकाळी तीच माणसं नवे कपडे घालून तिच्याच दारात हजर, "सोनं घ्या, सोन्यासारखं राहा" म्हणत तिच्याच झाडाची पानं तिच्याच हातात ठेवायला! आणि ही बाई हसून ती घेत होती, वर चिवडा देत होती! मी गॅलरीतून बघत होते, माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. वर्षानुवर्षं हेच चाललं. शिकलेली माणसं, बँकेतली, कॉलेजातली. मी एकेकाला सांगितलं, हा आपटा नाही, कांचन आहे. "पान त सेमच आहे नं, काकू," हे ठरलेलं उत्तर.

मग मंदानं शक्कल काढली. तिच्या मामेभावाचं कुहीजवळ धानाचं शेत आहे. त्याच्या बांधावर खरा आपटा आहे. दर दसऱ्याला ती आदल्या दिवशी तिकडे जाऊन पिशवीभर डहाळ्या आणायची आणि सकाळी सकाळी झाडाखाली प्लास्टिकची निळी खुर्ची टाकून बसायची. मांडीवर सूप, सुपात आपटा. येईल त्याला मूठभर द्यायची. तिला वाटलं, खरं मिळालं की खोट्याला कोण हात लावेल? मंदाला माणसं कधी कळलीच नाहीत. लोक मूठ उघडून ती बारकी, धुळकट पानं बघायचे आणि तोंड वाकडं करायचे. आमच्या गल्लीतले बंडूभाऊ, ज्यांना प्रत्येक कार्यक्रमात माईक लागतो, ते तर सरळ म्हणाले, "एवढुसं सोनं? मंदाताई, हे आपटा नसंल. तुमच्या झाडाचं पाहा, कसं मोठं, ओरिजिनल!" आणि तिच्या डोक्यावरून हात लांब करून फांदी वाकवली. खरं होतं ते खोटं ठरलं आणि खोटं ओरिजिनल झालं. मी वरून ओरडले. मंदा खुर्चीतून म्हणाली, "जाऊ दे वं, सण आहे."

या 'जाऊ दे'चा मला फार राग यायचा. अजून येतो.

हात पोचत नाही अशा शेंड्याकडच्या फांद्या तेवढ्या वाचायच्या. तिथं फुलं यायची, पण खाली बसलेल्या मंदाला मधल्या फांद्यांमुळे ती धड दिसायची नाहीत. तिच्या झाडाची फुलं दिसायची मला, माझ्या गॅलरीतून. म्हणून दिवाळीच्या दिवसांत रोज सकाळी चहाचा कप घेऊन ती खुर्चीवर येऊन बसायची आणि मान वर करून हाक मारायची, "शैला, आज किती दिसून राहिले वं?" मी कठड्याला टेकून सांगायची, आज डाव्या फांदीवर बरीच आहेत, आज दोन मुनिया आल्यात, आज उन्हात रंग जरा जास्तच चढलाय. ती डोळे मिटून ऐकायची. कधी विचारायची, "जांभळा जास्त का गुलाबी?" आणि मला उत्तर देताना चाचरायला व्हायचं, कारण ती रंगाच्या बाबतीत कोणाचं ऐकून घेणाऱ्यातली नव्हती.

एका वर्षी मात्र तिचं मागणं पूर्ण झालं. करोनाचं ते वर्ष. सगळी दारं बंद, कोणी कोणाकडे सोनं घेऊन गेलं नाही, झाडाला हात लावायला कोणी आलं नाही. आणि कांचन फुलला... वरपासून खालपर्यंत, अगदी फाटकाच्या कडीला टेकेपर्यंत. किनारीसकट. त्या वर्षी तिनं मान वर करून एकदाही विचारलं नाही. खुर्चीवर बसून समोर पाहत राहायची. मला वाटलं होतं ही आनंदानं वेडी होईल. तोंडाला पदर लावून मी खाली गेले, फाटकाबाहेर उभी राहिले आणि म्हटलं, "झालं तुझ्या मनासारखं?" ती म्हणाली, "झालं. पण पाहाले कोणीच नाही वं." त्या रिकाम्या गल्लीकडे तिनं हात केला आणि डोळे पुसले. त्या बाईला झाड हवं होतं ते या लोकांसाठी, यांच्याचसाठी!

ती गेली त्यानंतरची गोष्ट ऐका. तेरवीच्या आधी फाटकाशी फ्लेक्स लागला. मंदाचा जुना फोटो, खाली बंडूभाऊंसकट सगळ्या मंडळाचे हात जोडलेले फोटो, आणि मजकूर, 'वृक्षप्रेमी मंदाताईंना भावपूर्ण श्रद्धांजली'. लावला होता कुठे, तर कांचनाच्या खोडावर. खिळे ठोकून! मी पक्कड घेऊन गेले आणि एक एक खिळा उपटला. बंडूभाऊ धावत आले. "काकू, भावना समजून घ्या." मी म्हटलं, भावना भिंतीला ठोका. त्यानंतर गल्लीतल्या निम्म्या बायका माझ्याशी बोलेनाशा झाल्या. चालायचंच.

दसरा आला. ती गेल्यामुळे मंदाच्या घरी वर्षभर सण करायचा नव्हता. मी ठरवलं, तिचं काम आपण करायचं. आदल्या दिवशी गुडघ्यांनी नाही म्हटलं म्हणून दसऱ्याच्या पहाटेची पहिली एसटी धरली, कुहीला गेले. तिच्या मामेभावानं डहाळ्या तोडून ठेवल्याच होत्या. त्यानं त्या पिशवीत भरून दिल्या. मी परत नंदनवनात आले तेव्हा ऊन वर आलं होतं. गल्लीच्या तोंडावरूनच दिसलं. खालच्या फांद्या तर गेल्याच होत्या, मधल्याही गेल्या होत्या. एक जाड फांदी सालीवर लोंबकळत होती. आणि झाडाखाली मंदाची निळी खुर्ची, बसायच्या जागेवर चिखलाच्या बुटाचा स्पष्ट ठसा. तिच्या खुर्चीवर उभं राहून तिचं झाड सोललं होतं. ती खुर्ची नसती तर एवढ्या वर कोणाचा हात पोचला नसता.

भाऊजी आत पलंगावर बसले होते. मी पिशवी आपटली आणि विचारलं, "तुम्ही घरात होते नं? काहून बोलले नाही?"

"विचाराले आले होते," ते म्हणाले. "म्या म्हटलं, घ्या. मंदानं जलमभर कोणाले नाही म्हटलं नाही, शैलाताई. ती नाही तर म्या कसं म्हणू?"

त्यांच्यावर ओरडायला मी तोंड उघडलं होतं, पण त्यांच्या अंगात मंदानं विणलेला, बाह्यांना विरलेला स्वेटर होता. ऑक्टोबरच्या उकाड्यात. मी आत जाऊन त्यांच्यासाठी चहा ठेवला.

संध्याकाळी बंडूभाऊ माझ्या दारात. नवं जाकीट, कपाळाला टिळा. "काकू, राग सोडा. सोनं घ्या. मंदाताईच्या झाडाचं आहे, म्हणजे तिचा आशीर्वादच समजा." आणि ते मोठं, मऊ, तुकतुकीत पान माझ्यापुढे धरलं. देठाशी कळी होती, बोटाच्या पेराएवढी, हिरवी, टोकाशी जरा रंग फुटू लागलेला. मी त्यांच्या पायांकडे बघितलं. बूट धुतलेले होते. "बंडूभाऊ, तिच्या खुर्चीवर कोणाचा पाय आहे?" मी विचारलं. ते हसले. "अहो, हात पोचत नव्हता नं." लाज नाही, कावेबाजपणाही नाही. खरोखर काही चुकलं असं त्या माणसाला वाटतच नव्हतं, आणि म्हणूनच मला जास्त संताप आला. मी पान घेतलं नाही. दार लावून घेतलं. सणाच्या दिवशी दारातून माणूस परत पाठवला, माझ्या आईनं हे बघितलं असतं तर दोन दिवस माझ्याशी बोलली नसती.

आता दिवाळी होऊन गेली आहे. लोंबकळणारी फांदी मी करवतीनं नीट कापून घेतली. खुर्ची झाडाखाली तशीच आहे. ठसा मी पुसलेला नाही आणि कोणाला पुसू देणार नाही. पुढच्या दसऱ्याला त्या ठशावर मी बसणार आहे, मांडीवर सूप घेऊन, आणि मला 'जाऊ दे' म्हणता येत नाही हे गल्लीला माहीत आहे.

काल सकाळी चहा घेऊन गॅलरीत आले. अगदी शेंड्याला, जिथं खुर्चीवर चढूनही हात पोचला नाही, तिथं कांचन फुलला होता. खाली कोणी मान वर केली नाही, कोणी विचारलं नाही. बंडूभाऊ स्कूटर पुसत होते, समोरच्या वहिनी रांगोळी घालत होत्या, भाऊजी पायरीवर पेपर धरून बसले होते. मी कठडा घट्ट धरला आणि सगळ्या गल्लीला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं ओरडले, "मंदे, आज खूप आहेत वं! जांभळा जास्त आहे!"