तीन पावलं नीट, चौथं लंगडं

मिस्त्रींना सगळे गमतीने कानसेन म्हणत, पण त्यांना गाण्यातलं ओ की ठो कळत नसे. ते ऐकत ते गाड्या. बॉनेट उघडायचं, लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनाला टेकवायचं, मूठ कानाशी धरायची आणि डोळे मिटायचे. तेवढा वेळ गाडीच्या मालकाने, मग तो कितीही घाईत असो, तोंडाला कुलूप लावायचं. "दुसऱ्या सिलिंडरात ठिणगी पडत नाही," असं ते म्हणाले की बिघाड दुसऱ्यातच निघे.

बायको गेल्यावर त्यांनी गॅरेजचं शटर ओढलं ते ओढलंच. आता उरल्या दोन खोल्या, खिडकीशी एक खुर्ची आणि फोन. लेक लांब, परक्या शहरात, नोकरीत आणि संसारात बुडालेली. तिचा फोन म्हणजे, "बाबा, बरे आहात ना? जेवलात? ठेवते हं." चहा निवायच्या आत बोलणं संपे. तिला दोष द्यायचा नाही, असं मिस्त्री स्वतःला बजावत आणि दिवसभर मनातल्या मनात तोच देत बसत. माणूसच ते, काय करणार!

एका रविवारी मात्र वेगळाच फोन आला.

"बाबा, गाडी सिग्नलला उभी राहिली की नुसती थरथरते. आता बंद पडेल, मग पडेल, असं वाटतं."

"फोन इंजिनाजवळ धर."

तिने धरला. तीन पावलं नीट आणि चौथं लंगडं, असा तो आवाज. मिस्त्रींना तिथल्या तिथे कळलं. चार सिलिंडरांपैकी एकाची कॉइल, म्हणजे ठिणगीला वीज पुरवणारा भाग, मरायला टेकली होती. नवी बसवली की झालं.

"कळलं का हो काही?"

'कॉइल बदल' एवढं वाक्य बोललं असतं तर फोन ठेवला गेला असता. मिस्त्री खुर्चीत सावरून बसले.

"फोनवर नीट येत नाही गं. आधी एअर फिल्टर बघ. पुढच्या रविवारी परत ऐकव."

मग रविवार सुरू झाले. फिल्टर झाला, इंजिनात हवा सोडणारा थ्रॉटल साफ झाला, नळ्या तपासून झाल्या. लेक गॅरेजातच वाढलेली, लहानपणी बाबांना टॉर्च धरणारी, त्यामुळे तिचे हात भराभर चालत आणि तोंडही. नातवाचा दात पडला, साहेब खडूस आहे, आई ग्रीसचे डाग काढताना कशी करवादायची, सगळं निघे. मिस्त्री शनिवारपासूनच दाढी करून बसत. फोनवर कोण बघणार होतं? पण बसत. खोटं बोलणाऱ्या माणसाने इतकं खूश दिसू नये खरं तर.

एकदा त्यांनी ठिणगी पाडणारे प्लग काढायला लावले.

"तिसऱ्याचं टोक ओलं, काळंकुट्ट आहे बाबा. बाकीचे तपकिरी."

लेकीने बिघाड हातात आणून ठेवला होता.

"हं. पुसून परत लाव," ते म्हणाले.

पुढचा फोन रविवारची वाट न बघता आला. लेकीचा आवाज कापत होता. उड्डाणपुलावर ऐन गर्दीत गाडी बंद पडली होती. मागे ट्रक हॉर्न मारतोय, मागच्या सीटवर पोरगं भोकाड पसरून रडतंय. कुणाला काही झालं नाही. गाडी ओढून जवळच्या गॅरेजात नेली, तिथल्या माणसाने मशीन लावलं आणि लगेच सांगितलं, तिसरी कॉइल.

"बाबा, तिसराच प्लग काळा होता. मी सांगितलं होतं तुम्हाला."

नातू मागच्या सीटवर होता, एवढंच मिस्त्रींच्या डोक्यात घुमत होतं. खरं सांगायला तोंड उघडलं आणि परत मिटलं.

"बाबा? ऐकताय ना?" मग तिचा आवाज एकदम मऊ झाला. "हल्ली कमी ऐकू येतं का हो तुम्हाला?"

वरच्या मजल्यावरचा नळ ठिबकत होता, तो मिस्त्रींना स्वच्छ ऐकू येत होता.

"हो गं," ते म्हणाले. "वय झालं आता."

"मग सांगायचं नाही का! आणि मी वेडी, दर रविवारी तुम्हाला इंजिन ऐकवत बसले." ती रागावली असती तर बरं झालं असतं. "आता फोनचा त्रास नको. मी मेसेज करत जाईन. शेजाऱ्यांकडून अक्षरं मोठी करून घ्या."

रविवारी मिस्त्री दाढी करून बसले. फोन एकदाच थरथरला. 'बाबा बरे आहात ना? गाडी एकदम मस्त चालतेय.'

त्यांनी एकेक अक्षर शोधत लिहिलं, 'एकदा ऐकव ना.' मग ते वाचलं, आणि एकेक अक्षर खोडून टाकलं. कमी ऐकू येणारा माणूस असं कसं मागणार? शेवटी त्यांनी 'छान' एवढंच लिहून पाठवलं.