वेशीत ठेवलेली पुरी

सिंगापुरातला, बिशान वस्तीतला फ्लॅट पाहिला त्याच दिवशी मी मनाशी ठरवलं, घ्यायचा तर हाच. स्वयंपाकघराला रुंद खिडकी, जवळच खाण्याच्या ठेल्यांचं हॉकर सेंटर, एमआरटी मेट्रोचं स्टेशन चालत जाण्याजोगं. खोड एकच होती. ही वस्ती ज्या टेकाडांवर उभी आहे, तिथे पूर्वी चिनी लोकांची थडगी होती. ती उकरून, अस्थी हलवून मग इमारती झाल्या. इथे ही गोष्ट कुणी लपवत नाही. एजंट बाई तर इथल्या सिंगापुरी इंग्रजीत सहज म्हणाली, "ऑल शिफ्टेड ऑलरेडी लाह."

नवऱ्यानं नेमकं तेवढंच पुण्याला फोन करून आईला सांगितलं.

सासूबाई म्हणाल्या, "स्मशानावर घर? घ्या खुशाल. मी काही त्या घरात पाऊल ठेवायची नाही." त्या दरवर्षी आमच्याकडे येऊन राहायच्या, आणि नवरा त्यांचा एकुलता एक. त्याचं तोंड उतरलं. जेवताना मला म्हणाला, "लांब वुडलँड्सला बघू या का? स्वस्तही पडेल."

मला भयंकर राग आला. कारण आदल्याच वर्षी सासूबाईंना घेऊन आम्ही तिघं इटलीला जाऊन आलो होतो.

तिथे डोंगरावरच्या एका जुन्या गावाची वेस पाहिली होती. मध्ययुगातली दगडी कमान, आणि तिच्या बरोबर खाली खडकात कोरलेली, रोमनांच्याही आधीच्या इट्रस्कन लोकांची थडगी, वेशीहून कितीतरी जुनी. मेलेल्यांना ते गावाबाहेर ठेवत, आपल्यासारखंच. मग गाव वाढलं आणि वेस थेट त्यांच्या डोक्यावर येऊन बसली. सासूबाईंचे गुडघे दुखत होते. त्या त्याच वेशीत पाय पसरून बसल्या, डबा उघडला आणि आम्हाला तिखटमिठाच्या पुऱ्या दिल्या. "किती गार वाटतंय गं इथे," म्हणाल्या. पण स्वतः खाण्याआधी त्यांनी एक पुरी खालच्या थडग्याच्या उंबऱ्यावर नेऊन ठेवली. मी बघत राहिले, तर म्हणाल्या, "त्यांच्या दारात बसून आपणच कसं खायचं?"

हे सगळं आठवत होतं म्हणूनच मी पुण्याला फोन लावला आणि सुनेनं बोलू नये तसं बोलले. "आई, तिथल्या मेलेल्यांना तुम्ही पुरी दिलीत. इथल्यांनी काय घोडं मारलंय? त्या बिचाऱ्यांना तर आमच्यासाठी उठावं लागलं. मी इथेच राहणार. तुम्ही आलात तर आनंद आहे. नाही आलात तरी तुमची खोली तुमचीच राहील."

त्यांनी फोन ठेवून दिला.

फ्लॅट घेतला. सही करताना नवरा माझ्याकडे बघत नव्हता. पहिल्या वर्षी सासूबाई आल्या नाहीत. त्यांच्या पलंगावरची चादर मी हट्टानं बदलत राहिले, आणि मनातून घाबरलेही होते.

पुढच्या वर्षी त्यांनी आपण होऊन तिकीट काढलं. विमानतळावरून आम्ही टॅक्सीनं आलो आणि आमच्या ब्लॉकखाली त्या थबकल्या. चिनी पंचांगाचा सातवा महिना, म्हणजे त्यांचा पितृपक्षच, चालू होता. हिरवळीच्या कडेला शेजाऱ्यांनी आपल्या मृतांसाठी भात, संत्री, उदबत्त्या मांडल्या होत्या. सासूबाईंनी ते नीट न्याहाळलं. मग पिशवीतून डबा काढला आणि गुडघ्यावर हात टेकत वाकून संत्र्यांच्या शेजारी एक पुरी ठेवली.

"चल," मला म्हणाल्या, "आता वर जाऊन आपण खाऊ."