निळ्या दुधाची चौकशी

चहा हातात घेतला का सगळ्यांनी? मग सांगतो. फक्त एक अट, दूध कुठलं आहे ते मला विचारायचं नाही. त्या एका प्रश्नापायी मी भर गावात जी शोभा करून घेतली, ती आठवली की अजून माझी कानशिलं गरम होतात.

आमचं गाव गोंदिया जिल्ह्यातलं, अर्जुनी मोरगावकडचं. तिथल्या हायस्कुलात मी विज्ञान शिकवायचो. शिकवायचो म्हणजे काय, इतरांच्या अंगात देवी यायची, माझ्या अंगात विज्ञान यायचं. कोणी काहीही सांगू द्या, माझा पहिला प्रश्न ठरलेला, "पुरावा काय?" भाजीवालीचा काटा, डॉक्टरची सुई, एसटीच्या कंडक्टरचं घड्याळ, कशालाच मी सोडलं नाही. एकदा आमची बायको कुंदा म्हणाली, "डोकं दुखून राहिलं." मी विचारलं, "कशावरून?" त्या दिवशी मला जेवायला मिळालं नाही.

राहणी म्हणाल तर एकदम टापटीप. पांढरा शर्ट, पांढरा पायजमा, खिशात भला मोठा पांढरा रुमाल. सगळं इतकं कडक की मी खुर्चीवर बसलो की शेवटच्या बाकापर्यंत आवाज जायचा. कपडे इतके कडक कसे राहतात, हे मी कधी विचारलं नाही. रोज सकाळी ते खुंटीला तयार असायचे, मी घालायचो.

तर ते दिवस घरोघरी केबल आली तेव्हाचे. टीव्हीवर रोज संध्याकाळी एक माणूस घसा फोडून सांगायचा की तुम्ही जे दूध म्हणून पिता ते दूध नाहीच. युरिया काय, साबणाचा चुरा काय, पीठ काय, दुधात नाही ते विचारा. मी कपातल्या चहाकडे पाहिलं. हा चहा इतका दाट कशाने झाला? झालं, त्या घटकेपासून चहा माझ्या घशाखाली उतरेना.

आमच्याकडे दूध द्यायच्या शेजारच्या चंद्रकला वहिनी. नवरा वारल्यावर म्हशींवर घर ओढणारी बाई. आवाज असा की त्या अंगणात बोलल्या तर शेताच्या बांधीतल्या धानावरची पाखरं उडायची. गावात तेव्हा नवीन दूध केंद्र उघडायचं घाटत होतं. त्याचा सगळा कारभार हेमराजभाऊंकडे होता. वहिनींचं दूध एकदा केंद्राला लागलं की दारोदार हिंडणं सुटणार होतं, आणि बाई त्याच दिवसाकडे डोळे लावून बसल्या होत्या. हे मला चांगलं माहीत होतं. तरीही मी जे केलं ते ऐका.

शाळेतून मी आयोडीनची बाटली घरी आणली. पुस्तकातला प्रयोग आहे, तुम्हीही केला असेल. भात, बटाटा, पीठ, ज्यात पिष्ट आहे त्यावर आयोडीनचा थेंब टाकला की निळंकाळं होतं. दूध शुद्ध असेल तर निळं व्हायचं काही कारण नाही. मी दूध गरम केलं. वर साय आली. साय म्हणजे प्रयोगात अडथळा, तेव्हा दूध गाळून घ्यायला हवं. कुंदाने गाळणी पुढे केली.

मी गाळणीकडे पाहिलं. तिच्यात कालचा चहा होता, परवाची साय होती. असल्या गाळणीवर विज्ञान कसं चालेल? तिने फडकं दिलं. फडक्यावर तर माझा त्याहून विश्वास नव्हता. शेवटी मी खिशातून घडीचा कोरा रुमाल काढला. साऱ्या घरात संशय घेता येणार नाही अशी ती एकच वस्तू होती.

रुमालातून दूध गाळलं, निवल्यावर थेंब टाकला. दूध निळं.

कुंदा वाकून पाहायला लागली. "हे निरं कायचं?"

"तांदळाचं पीठ," मी म्हणालो. माझ्या आवाजात जो विजय होता तो मला आठवतो आणि आता लाज वाटते. तुम्हीच विचार करा ना, जिकडे पाहावं तिकडे धान, गोंदियात जिकडे वळावं तिकडे राईस मिल. गव्हाचा मुलूख असता तर कणीक मिसळली असती, इथे तांदूळच मिसळणार. सगळं कसं जुळत होतं. संशयाचं असंच असतं पाहा, एकदा मनात बसला की त्याला सगळं जुळतं.

दुसऱ्या दिवशी वहिनी कुंपणाशी आल्या तसं मी आडून विचारायला गेलो, आणि आडून विचारणं मला कधी जमलं नाही.

"वहिनी, दुधात पीठ टाकता का?"

त्या दुधाचा गंज, म्हणजे पातेलं, हातात धरून तशाच उभ्या राहिल्या. "कायले टाकू सर? लेकराईले तांदूर पुरत नाई, अन् तुमच्या दुधात कुठून टाकू?"

"माझ्याजवळ पुरावा आहे."

"असं काय? मंग उद्यापासून थोच प्या." असं म्हणून गंज घेऊन त्या चालत्या झाल्या.

मी काही हटणारा नव्हतो. शेजारच्या टोलीवरच्या, म्हणजे वाडीवरच्या, गवळ्याचं दूध आणलं. गरम केलं, रुमालातून गाळलं, थेंब टाकला. निळं. चौकातल्या चहावाल्याकडचं आणलं. निळं. शाळेच्या कामाने गोंदियाला गेलो तेव्हा दुकानातून पिशवीचं दूध घेतलं आणि दुकानदाराला चार लोकांसमोर विचारलं की यात काय मिसळता. तो म्हणाला, "गुरुजी, सीलबंद माल है. इसमें कौन हाथ डालेगा? और लेना नहीं है तो रख दो, पीछे लाइन लगी है."

घरी येऊन पाहतो तर तेही निळं. आता माझी खात्रीच पटली. हे एकट्या बाईचं काम नाही, वरपासून खालपर्यंत सगळे मिळालेले आहेत.

कुंदा म्हणाली, "सारेच चोर अन् तुमी एकटेच साव काय?"

"विज्ञानात बहुमत चालत नसतं," मी म्हणालो.

"मंग कारा चहा चालते ना? थोच प्या." आणि आमच्या घरी काळा चहा सुरू झाला. पाहुणे आपोआप कमी झाले.

बातमी हेमराजभाऊंपर्यंत जायला कितीसा वेळ लागणार? ते स्वतः घरी आले. बिचारे सरळ माणूस. म्हणाले, "सर, तुमी शिकलेले मानूस, तुमचं खोटं कसं म्हनू? पन खरं असन तर चंद्रकलाबाईचं दूध मी घेऊ नाई शकत. पहिल्याच दिवशी केंद्राचं नाव खराब होईन."

कुंपणाशी उभ्या राहिलेल्या वहिनींचा चेहरा डोळ्यांपुढे आला. पण तोंडातून काय निघालं? "भाऊ, विज्ञान दिन आलाच आहे. केंद्राच्या पटांगणात सगळ्यांसमोर प्रयोग करून दाखवतो. गावाने स्वतः पाहावं."

गाव आलं. माझा अख्खा आठवीचा वर्ग पुढे मांडी घालून बसला. टेबलावर चंचुपात्र, स्पिरिटचा दिवा, आयोडीनची बाटली, आणि अंगावर त्या दिवशी तर मी कडक इस्त्रीच चढवली होती. तेवढ्यात गर्दी बाजूला सरली आणि चंद्रकला वहिनी आल्या. हातात गंज नव्हता, दावं होतं. दाव्याच्या दुसऱ्या टोकाला म्हैस.

"सर, भांड्यातलं लय पाहून झालं," त्या म्हणाल्या. "आता कारखान्यातलं पाहा. भांडं तुमचं, हात धुवाचं पानी तुमचं. म्हैस तेवढी माही."

त्यांनी सगळ्यांसमोर माझ्याच चंचुपात्रात धार काढली. मी दूध तापवलं, खिशातला रुमाल झटकला, सगळ्यांना त्याच्या दोन्ही बाजू दाखवल्या, कोराच होता, आणि दूध गाळून निवू दिलं. थेंब टाकला.

निळं.

मला वाटलं होतं वहिनी आता भांडतील, तोंडाचा पट्टा सोडतील. पण त्या वळल्या आणि म्हशीकडे पाहत राहिल्या. त्या बाईला आपल्या स्वतःच्या म्हशीचा संशय आला होता. सांगताना आताही वाईट वाटतं, तो संशय माझ्या घरातून निघून तिच्या गोठ्यापर्यंत पोचला होता.

मागून एक म्हातारबाबा म्हणाले, "म्हैस कोंडा खाते ना. थोच उतरला असन दुधात."

आणि ऐका, मी ते मान्य केलं. मान्य केलं म्हणजे, कोंड्यातलं पिष्ट म्हशीच्या पोटातून दुधात कसं येत असावं यावर मी तिथल्या तिथे भाषण ठोकलं. विज्ञानाच्या मास्तराने. स्वतःच्या वर्गासमोर.

हेमराजभाऊंनी डोक्याला हात लावला. "मंग साऱ्याच म्हशीचं निरं होईन. केंद्र कायले उघडू मी?"

तेव्हा वहिनी हळूच म्हणाल्या, "सर, तुमच्या या दवाईचाच काय भरोसा?"

मला राग आला. सरकारी शाळेची बाटली, तिच्यावर संशय? मी म्हणालो, "बरं. माझ्या स्वतःच्या अंगावर टाकून दाखवतो." आणि तळहातावर चांगले भरपूर थेंब घेतले. हात वर केला. तळहात पिवळट तपकिरी, निळं कुठेच नाही. "पाहा, औषध निर्दोष आहे. माणसात पीठ नाही म्हणून निळं झालं नाही. जिथे पिष्ट असेल तिथेच हे निळं होतं, दुसरीकडे कुठेही होत नाही. कळलं?"

एक-दोघांनी टाळ्या वाजवल्या. मी गर्दीकडे पाहत, मान हलवत, खिशातल्या दुसऱ्या रुमालाला हात पुसला.

समोरचा वर्ग एकदम पुढे सरकला. मी खाली पाहिलं. पांढऱ्या शुभ्र रुमालावर निळाकाळा डाग पसरत चालला होता. चांगला तळहाताएवढा झाला, पाची बोटांसकट.

वर्गाला मी एक सवय लावली होती, निष्कर्ष सगळ्यांनी मिळून मोठ्याने सांगायचा. त्यांनी सांगितला. "सर, रुमालात पिष्ट आहे."

बायांच्या घोळक्यातून कुंदा बोलली, अगदी भाजीत मीठ किती ते सांगावं तशी. "असनच ना. भाताच्या पेजेत बुडवतो मी. शर्ट, पायजमा, रुमाल, सारंच. तुमालेच तर कडक पाहिजे." मग थांबून म्हणाली, "साऱ्या दुनियेले पुरावा मागता. धुन्याचं कधी विचारलं काय?"

नाही विचारलं. वर्षानुवर्षं मी पेज अंगावर घालून हिंडत होतो, आणि त्याच पेजेतून गावोगावचं दूध गाळत होतो. साधं पाणी जरी एकदा रुमालातून गाळून पाहिलं असतं, तरी पहिल्याच दिवशी सुटलो असतो. आठवीला हेच तर शिकवायचो की तुलनेसाठी एक नमुना बाजूला ठेवा.

वहिनींनी पुन्हा धार काढली, या वेळी न गाळता. थेंब टाकला. दूध पिवळसर झालं आणि तसंच राहिलं. तेव्हा कुठे वहिनी हसल्या, आणि मग म्हशीच्या पाठीवरून हात फिरवला. मी हात जोडले तर म्हणाल्या, "माह्यापाशी नको सर, म्हशीपाशी जोडा. तिले लय बोल लागला." मी जोडले. गावाने पाहिलं.

केंद्र उघडलं त्या दिवशी पहिलं दूध वहिनींचंच घेतलं. मी मुद्दाम गेलो होतो. भिंतीवर ऑइल पेंटने ठळक लिहिलं होतं, दूध आणणाऱ्यांनी भांडी स्वच्छ धुऊन आणावीत. त्याखाली कोणीतरी खडूने लिहिलं होतं, सरांनी रुमाल बाहेर ठेवावा. अक्षर आठवीतलंच कुणाचं तरी होतं, सुवाच्य आणि बिनचूक.

कोणी पाहायच्या आत पुसून टाकावं म्हणून मी खिशात हात घातला. खिसा रिकामा होता. कुंदाने त्या दिवसापासून मला रुमाल देणंच बंद केलं होतं. का, ते मी विचारलं नाही.