घोडी सुटली ती सकाळ

शुक्रवारी दुपारी शालूबाईंनी पिकोचं मशीन बंद केलं, गुलमंडीच्या दुकानातून फॉल लावायला आलेल्या साड्यांची चळत बाजूला सारली, हात धुतले आणि सासूच्या खाटेपाशी येऊन बसल्या. मांडीवर कादंबरीची कच्ची छापील पानं होती. आपणच लिहिलेलं वाचायला माणूस इतकं घाबरतं, हे कुणी आधी सांगितलं असतं तर त्या लिहिण्याच्या वाटेला गेल्याच नसत्या.

पडेगावातल्या त्या दोन खोल्यांत दिवसभर दोघीच असत. नवरा अजिनाथ वाळूजच्या एका कंपनीत गेटवर, लेक प्रांजली बँकेत. खाटेवर मनकर्णाबाई, म्हणजे शालूबाईंच्या सासूबाई. त्यांचे डोळे गेले होते, कान मात्र शेजारच्या घरातलं भांडण टिपण्याइतके शाबूत होते. प्रांजलीला नोकरी लागली तेव्हा तिच्या वह्यांची कितीतरी कोरी पानं उरली. वाया कशाला घालवायची म्हणून शालूबाईंनी त्यावर माहेरच्या दौलताबादच्या आठवणी लिहिल्या, मग लग्नानंतर मेंढरांमागे रानोमाळ काढलेली वर्षं लिहिली. आणि एक दिवस लिहिता लिहिता, कधी घडलंच नव्हतं असं काहीतरी लिहून गेल्या. खोटं लिहिण्यात एवढी मजा आहे हे बाईंना पन्नाशी उलटल्यावर कळलं. मग त्या कशाला थांबतात.

लिहिलेलं मोठ्यानं वाचून बघायची त्यांची सवय. मनकर्णाबाई खाटेवरून ऐकायच्या आणि गप्प राहणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. मेंढरू असं मरत नाय, पाल असं ठोकत नाय, पाऊस आल्यावर कोकरं आधी आत घ्यायची का भांडी, असं चालायचं. शालूबाई निमूट खोडायच्या आणि सुधारायच्या. कादंबरीत धनगराच्या घरातली एक सासू होती, भागूबाई. तिच्याबद्दल मनकर्णाबाईंचं मत वाईट होतं. "ही भागूबाई लई खाष्ट हाय गं," असं त्या म्हणायच्या तेव्हा शालूबाई पदराआड हसू दाबायच्या. म्हातारीनं स्वतःला ओळखलंय की नाही, हे काही कळायचं नाही. विचारायची छाती नव्हती.

एकच प्रकरण त्यांनी कधी मोठ्यानं वाचलं नव्हतं. ते आज वाचायचं होतं.

खरं घडलं होतं ते एवढंच. लग्न ठरलं तेव्हा शालू बारावीला होती. परीक्षेला बसू देऊ, असा शब्द सासरच्यांनी तिच्या वडिलांना दिला होता. लग्न होऊन मार्च उजाडला तेव्हा सासरची पालं खुलताबादच्या अलीकडे एका शेतात पडली होती. पहिल्या पेपरच्या सकाळी उठून बघतात तो घोडी जागेवर नाही. गडीमाणसं मेंढरं घेऊन पुढे गेली होती, मुक्काम हलवायचा होता, आणि घोडीशिवाय बिऱ्हाड हलणार कसं? नवी सून चपळ, म्हणून तिला शोधायला धाडलं. घोडी सापडली ती लांबच्या एका ओढ्यात, ऊन उतरणीला लागल्यावर. पेपर गेला. पहिलाच गेला म्हटल्यावर पुढच्यांना कोण बसवतंय.

घरात हा पुढे गमतीचा विषय झाला. पाहुणे आले की अजिनाथ रंगवून सांगायचा, आमच्या घोडीनं हिची बारावी खाल्ली. सगळे हसायचे. शालूबाईही हसायच्या. जनावर सुटलं, त्यात कुणाचा काय दोष? त्यांनी कधी कुणावर संशय घेतला नव्हता.

पण कादंबरीत नुसतीच घोडी सुटून चालेना. तिथे शालूबाईंनी भागूबाईला अंधारात उठवलं आणि तिच्या हातून घोडी सोडवली. एवढं लिहिलं आणि रेंगाळलेली कादंबरी एकदम पळायला लागली.

शहरातले प्रकाशक साहेबराव यांनी वाचून सांगितलं की पुस्तक उभं आहे ते याच प्रकरणावर. शालूबाईंनी घाबरत घाबरत ते काढता येईल का म्हणून विचारलं, तर ते म्हणाले, ताई, मग मला छापण्यात रस नाही, सोमवारपर्यंत काय ते कळवा. प्रांजलीला तर आईची ही धास्ती समजतच नव्हती. आजीला वाचता येत नाही, तिला कळणार कुठून, असं तिचं म्हणणं. कळणार नाही कसं? सासरचा अजिंठ्याकडचा सगळा गोतावळा आता शिकलेला. पुस्तक हातात पडलं की चार जण धावत येऊन म्हातारीच्या कानात ओतणार, तुझ्या सुनेनं तुला चोर केलं बघ. आणि ते खोटंही नसतं. जिला आपण रोज न्हाऊ घालतो, जिच्या पुढ्यात भाकरी कुस्करून ठेवतो, तिच्यावर आपण तिनं न केलेल्या पापाचा आळ घातला, हे शालूबाईंना आतून खात होतं. शेवटी त्यांनी मनाशी ठरवलं. म्हातारीला वाचून दाखवायचं. ती नको म्हणाली तर पुस्तक परत घ्यायचं, कायमचं.

त्यांनी वाचायला सुरुवात केली. सुनेनं रात्रीच काढून ठेवलेलं धुतलेलं लुगडं आलं, पेन आलं, एसटीचा रस्ता कुठून धरायचा त्याचा विचार आला. मनकर्णाबाई जपमाळ ओढल्यासारखा गोधडीचा सुटलेला दोरा बोटांनी ओढत होत्या.

मग ते आलं. भागूबाई पालाबाहेर आली. घोडीच्या पुढच्या पायांतलं दावं तिनं सोडलं, कमरेला खोचलं आणि पुठ्ठ्यावर हलकी थाप मारली. शिकली तर सून आपल्या अडाणी लेकाला टाकून जाईल, अशी भीती तिला होती.

गोधडीवरची बोटं थांबली.

शालूबाईही थांबल्या. बाहेर रिक्षा गेली. आता शिव्या येतील, नाहीतर रडणं येईल, असं त्यांना वाटत होतं. त्यातलं काहीच आलं नाही.

"कुनी सांगितलं तुला?" मनकर्णाबाईंनी विचारलं.

"कुनी नाय, आत्याबाई. मी मनानं लिवलंय. कादंबरीत असं लिवावं लागतं. तुम्ही नको म्हणा, मी आत्ता काढते."

म्हातारीनं छताकडे तोंड केलं. "दावं कमरेला नव्हतं," ती म्हणाली. "दगडाखाली ठिवलं व्हतं."

शालूबाईंना आधी वाटलं, नेहमीसारखी चूक काढतेय. पाल असं ठोकत नाय, त्यातलंच. मग हातातली पानं खाली फरशीवर गेली.

त्या उठल्या. काय करावं कळेना, म्हणून मशीनवर जाऊन बसल्या आणि कुणाच्यातरी साडीला फॉल लावू लागल्या. शिलाई वाकडी गेली. उसवली, परत घातली, परत वाकडी. इतकी वर्षं! दर दिवाळीला, दर लग्नात, घोडीची ती गोष्ट निघाली की ही बाई कोपऱ्यात बसून ऐकत होती, आणि आपण तिच्यासमोर खिदळत होतो. शालूबाईंच्या डोक्यात जाळ झाला. म्हातारीचा अंगावर घ्यायचा धडपा उचलून दाराबाहेर फेकावा, असं खरोखर वाटलं. आपण सरस्वतीची सेवा केली म्हणून मिरवत होतो आणि आपल्याच हातानं हे उकरून काढलं. न लिहिलं असतं तर आज रात्री सुखानं जेवलो असतो.

मशीन थांबवून त्यांनी मागे न वळताच विचारलं, "का सोडली?"

"तू लिवलंस तसं भ्या नव्हतं मला. भ्यायची नाय मी कुनाला." मनकर्णाबाईंचा आवाज कोरडा होता. "आदल्या सांजेला तू पालाच्या तोंडाशी पुस्तक घिऊन बसली व्हतीस. वाचता वाचता हसलीस. एकलीच. मला ते सोसलं नाय."

"एवढंच?"

"एवढंच. मग लई दिस वाटलं, सांगावं. मग तू बी हसाया लागलीस, तवा ऱ्हाऊन गेलं."

माफ करावं असं शालूबाईंच्या मनात आलं नाही, आणि उगाच तसं दाखवायची ताकदही नव्हती.

"छाप तू," म्हातारी म्हणाली. "पर त्ये भ्याचं काढ. उगं मला चांगली करू नगं."

बऱ्याच वेळानं शालूबाई उठल्या. फरशीवरची पानं गोळा केली, ओळीनं लावली. हवं ते पान काढून भीतीच्या ओळीवर काट मारली, दावं कमरेवरून दगडाखाली नेलं. समासात लिहिलं की सून पालाच्या तोंडाशी बसून एकटीच हसत होती. पुढे पेन अडलं. कशाला हसत होती? पुस्तक कुठलं होतं, बारावीचं की माहेरून लपवून आणलेलं दुसरंच काही, पानावर काय होतं, यातलं त्यांना काही म्हणता काही आठवेना. त्या मुलीचा चेहरासुद्धा आठवेना. रडू आलं ते तेव्हा.

"काय वाचत व्हते वं मी तवा?" त्यांनी विचारलं.

"मला काय ठाव," मनकर्णाबाई म्हणाल्या. "मला कुठं वाचता येत व्हतं."

शालूबाईंनी डोळे पुसले आणि तेही लिहून घेतलं.