आईच्या हातासाठी थांबणारा फोन

माझी आई दिल्लीत केंद्र सरकारच्या कचेरीत टायपिस्ट होती. हे मी लोकांनी न विचारताच सांगते, कारण मला त्याचा भारी अभिमान आहे. पुण्याहून लग्न होऊन आली तेव्हा हिंदी बोलताना अडखळायची, पण टाइपरायटरवर बसली की साहेबांचं बोलून होईपर्यंत हिचा कागद तयार. पुढे कॉम्प्युटर आले, तेही तिने सहज पचवले. अशा बाईच्या हातांना सत्तरीनंतर कंप सुटला. आता हसायचं की रडायचं, तुम्हीच सांगा.

तरी फोन तिने सोडला नव्हता. बाबा गेल्यापासून ती गाझियाबादला एकटी राहते आणि मी गुरुग्रामला. मराठी मंडळाचा ग्रुप म्हणजे तिचा सगळा गोतावळा. एका सकाळी तिच्या सगळ्यात जुन्या मैत्रिणीचे यजमान गेल्याची बातमी ग्रुपवर आली. खाली ‘भावपूर्ण श्रद्धांजली’ची रांग लागली. आईने जोडलेल्या हातांचं चित्र पाठवायला बोट टेकवलं, बोट थरथरलं, आणि त्या रांगेत लाल झग्यातली नाचणारी बाई जाऊन उभी राहिली. घाबरून पुसायला गेली, तर ती फक्त हिच्याच फोनवरून पुसली गेली. बाकी सगळ्यांच्या फोनवर बाई नाचतच राहिली.

“अगं, मी आता तिला तोंड कसं दाखवू?” आई रडायच्या बेतात होती.

“आई, लोकांना कळतं गं.”

“लोकांना कळो न कळो, या बोटांनी मी आयुष्यभर एक कागद चुकीचा जाऊ दिला नाही!”

फोन तिने कपाटात टाकला. मैत्रिणीला भेटायलाही गेली नाही. रोज एकमेकींशी बोलणाऱ्या बायका, आणि महिने गेले तरी एक शब्द नाही. मला तर फोनपेक्षा त्या नाचऱ्या बाईचाच संताप यायचा.

गंमत म्हणजे पुढच्या फोनकडून, टॅबलेटकडून लोकांना काय हवंय, हे विचारणं हेच माझं ऑफिसातलं काम. लोक काय वाट्टेल ते मागतात. कुणाला रुमालासारखी घडी होणारा टॅबलेट हवा असतो, कुणाला चार्जिंगची कटकटच नको असते. एका पठ्ठ्याने तर बॉसला परस्पर उत्तरं देणारा फोन मागितला होता. ज्येष्ठ मंडळींना बोलवायचं ठरलं, तेव्हा मी आईला विचारलं.

“मी काय प्रदर्शनातली वस्तू आहे?” ती भडकली.

“नाहीस. पण घरी बसून कपाटाकडे बघत राहण्यापेक्षा चार लोकांवर ओरड तरी!” मीही भडकले. आमच्या घरात प्रेम असंच चालतं.

आली. कडक इस्त्रीची सुती साडी, मेट्रोने, एकटी. आमच्या टीममधला एक इंजिनिअर अदबीने म्हणाला, “आंटीजी, सेटिंग में टच स्लो कर दीजिए, बस.”

“किया था, बेटा,” आई म्हणाली. “सुबह हाथ ठीक रहता है, शाम को ज़्यादा काँपता है. कोई देख रहा हो, तो और भी. मेरा हाथ दिन भर बदलता है, तुम्हारी सेटिंग वहीं की वहीं. फ़ोन खुद क्यों नहीं समझता? थोड़ा रुकना सिखाओ उसे.”

मग माझ्याकडे वळून मराठीत, भर मीटिंगमध्ये: “आणि गेलेला मेसेज परत घेण्याची सोय कसली करता? जायच्या आधी विचारा ना! साहेबांची सही व्हायच्या आधी मी प्रत्येक पत्र एकदा वाचायचेच.”

मी त्याचं हिंदी करून सांगितलं. माझा आवाज जरा चढलाच असावा, कारण सगळे माझ्याकडे बघत होते. बघू देत! आई होती माझी ती.

टीमने ते मनावर घेतलं. हाताची थरथर ओळखून बोट स्थिरावेपर्यंत थांबणारा आणि पाठवायच्या आधी मजकूर मोठ्या अक्षरांत समोर धरणारा फोन तयार झाला. बाजारात तो अजून आलेला नाही. चाचणीचा एक घेऊन मी रविवारी गाझियाबादला गेले.

आई खुर्चीत ताठ बसली, टाइपरायटरसमोर बसायची तशी. मैत्रिणीचं नाव उघडलं. मी मदतीला हात पुढे केला.

“हात मागे घे.”

घेतला. बोट थरथरत होतं आणि फोन थांबत होता. एकेक अक्षर उमटत गेलं. शेवटी मजकूर मोठा होऊन समोर आला. आईने चष्मा पुसून तो नीट वाचला: “तुझ्या दुःखात मी नाचले नव्हते गं. हात चुकला. लाजेने आले नाही. येऊ का?” आणि पाठवला.

मी चहाच्या निमित्ताने स्वयंपाकघरात पळाले. चहा उकळायच्या आतच उत्तर आलं. आईने मला हाक मारून वाचून दाखवलं: “तुझी बाई मी अजून पुसलेली नाही. सगळे हात जोडत होते, त्यात ती एकटी नाचत आली. त्या दिवशी मला तेवढंच हसू आलं होतं. कधी येतेस?”

आईने डोळे टिपले, आणि ‘आत्ता’ लिहायला स्वतःच बोट टेकवलं.