पार्टी जुळली, गाणं मोडलं

माझ्या वडिलांनी स्वतःच्या मर्तिकाची सुपारी स्वतःच देऊन ठेवली आहे. आमच्या सीमेवरच्या हुलसुरात ही गोष्ट सगळ्यांना ठाऊक आहे आणि आता तिचं कुणाला नवल वाटत नाही. अप्पा चहाच्या हॉटेलात जाऊन बसले की कोणीतरी विचारतंच, "अप्पा, तारीख ठरली की कळवा बरं का." अप्पा म्हणतात, "तुला आमंत्रण न्हाई." मग चहा येतो.

सुपारी म्हणजे वाजवणाऱ्यांना कार्यक्रम ठरवताना द्यायचा नारळ-सुपारीचा मान. एकदा ती घेतली की वाजवणारा बांधला गेला. आमच्या लिंगायतांत माणूस गेला की त्याला आडवं नेत नाहीत. फुलांनी सजवलेल्या विमानात बसवतात आणि भजन-वाजंत्रीसह गावातून मिरवत शेतात नेतात. म्हणजे वाजवणारे लग्नाला लागतात तसेच तेव्हाही लागतात. मंठाळला एका नात्यातल्या म्हाताऱ्याच्या विमानापुढं पोरांनी वरातीत नाचायची गाणी वाजवली. त्यांना दुसरं काही येतच नव्हतं. अप्पा तिथून आले, आंघोळ केली, धुतलेला सदरा घातला आणि नारळ-सुपारी घेऊन थेट बेंजो पार्टीच्या गाणाऱ्याच्या दारात जाऊन उभे राहिले. तेव्हा ते धडधाकट होते, कापडाचं दुकान रोज उघडत होते.

आईला आम्ही अव्वा म्हणतो. तिला हे दुसऱ्या दिवशी दुकानातल्या गिऱ्हाइकाकडून कळलं. "जित्या माणसाची असली सुपारी देत्यात का? डोसकं फिरलंय तुमचं," एवढंच ती म्हणाली, पण त्यानंतर बरेच दिवस ती अप्पांना ताट वाढून न बोलता आत निघून जायची. घरात तो विषय निघाला की ती उठायची. तिच्यासमोर आम्ही ती चेष्टा करत नसू.

पार्टीचं नाव लिहीत नाही, आमच्या भागात ते सांगायची गरज नाही. पाचजण होते, पण लोक ओळखायचे दोघांना. एक बेंजोवाले आणि दुसरे गाणारे. गाणाऱ्यांना सगळे अण्णाच म्हणायचे. मराठी गाणं संपवून अण्णा त्याच दमात कन्नड वचनात, म्हणजे आमच्या शरणांच्या पदात, शिरायचे आणि ऐकणाऱ्याला सांधा सापडायचा नाही. उदगीरपासून औरादपर्यंत लग्नाचे मुहूर्त लोक या पार्टीच्या सवडीनं काढायचे, असं म्हणायची पद्धत होती. थोडं वाढवून सांगत असतील, पण फार नाही.

त्यांचं एक निरोपाचं गाणं होतं, त्यांनीच रचलेलं. नवरी निघताना तेच आणि विमान उठताना तेच, फक्त चाल संथ. त्या गाण्यात शेवटी एक जागा होती. अण्णा तिथं आवाज असा वर न्यायचे की पुढच्या गल्लीतल्या बायका हातातलं काम सोडून दारात यायच्या. माझ्या लग्नात मी तोवर रडले नव्हते. रडायचं नाही असं मी ठरवलंच होतं, कारण सासर इथंच बसवकल्याणला, म्हणजे एस.टी.नं हाकेच्या अंतरावर. ती जागा आली आणि माझं काही चाललं नाही. अप्पांनी सुपारी दिली ती या जागेसाठी. "ती जागा कानावर पडली की मी सुटलो," असं ते म्हणायचे. तेव्हा कान कुठून ऐकणार, असं मी एकदा विचारलं. ते म्हणाले, "तू शाळेत शिकीव. घरात शिकवू नको."

मग पार्टी फुटली. का फुटली हे कुणालाच नक्की माहीत नाही. बेंजोवाल्यांच्या बाजूचे सांगायचे की अण्णा प्रत्येक गाण्यात पुढं-पुढं करायचे. अण्णांच्या बाजूचे सांगायचे की बेंजोवाल्यांनी एका लग्नात बेंजो इतका लांबवला की अण्णा माईक धरून उभे ते उभेच. माझा अंदाज असा की दोघंही खरं सांगत असावेत. अण्णांनी मंठाळला पिठाची गिरणी टाकली, बेंजोवाले टेंपो चालवू लागले. गावोगाव चाहत्यांचेही दोन तट पडले. आमच्या शाळेत तर दोन शिक्षक यावरून काही दिवस एकमेकांच्या डब्यातलं खात नव्हते. अप्पांची मात्र पंचाईत झाली. दोन्हीकडून निरोप आला, सुपारीची काळजी करू नका, आम्ही येऊ. अप्पा भडकले. "अर्धी पार्टी घेऊन जाऊ व्हय मी?"

गेल्या जत्रेच्या आधी बातमी आली की पार्टी परत एक झाली आहे आणि पहिला कार्यक्रम हुलसूरलाच होणार आहे. मोबाईलवर फलक फिरला. दोघंही डोक्यानं पांढरे झालेले, फोटोत खांद्याला खांदा लावून उभे. अप्पांनी तो फोटो मला चारदा पाठवला. मी सासरहून मुद्दाम आले. जत्रेच्या मैदानात इतकी गर्दी की संतपूरकडून लोक ट्रॅक्टर भरून आलेले. अप्पांना मी पुढं खुर्ची मिळवून दिली. अव्वाही आली होती, पण ती मागं बायकांत सतरंजीवर बसली.

पडदा वर गेला तर बेंजोच नाही! बेंजोवाले पेटी घेऊन बसले होते. तारांवर बोटं आता चालत नाहीत, असं त्यांनीच सांगितलं. ताशा नाही, कॅसिओ नाही. एक ढोलकी, पेटी आणि अण्णा. आणि अण्णांनी पट्टी उतरवलेली. जिथं पूर्वी उंच पट्टीत गायचे तिथं आता खालून, बोलल्यासारखं. पोरं पहिल्या गाण्याला नाचायला उठली, हात वर केले, आणि कुठं नाचावं ते न कळून हात खाली घेऊन बसली. मला हसू आलं. पुढं निरोपाचं गाणं आलं. सगळं मैदान त्या जागेची वाट बघत होतं. अण्णा तिथं आले आणि वर जायच्या ऐवजी हळूच खाली उतरले. टाळ्या पडल्या, पण विचारून विचारून पडल्यासारख्या.

परतताना रस्त्याभर तेवढीच चर्चा. एकजण म्हणाला, "मोटर चालू व्हती, पाणी टाकीत चढलंच न्हाई." हे वाक्य दुसऱ्या दिवशी सगळ्या गावाच्या तोंडी होतं. पोरांचं म्हणणं, झोप आली, याच्यापेक्षा डीजे बरा. हॉटेलवाले चाचा म्हणाले, "पैले गला सुनते थे, अब गाना सुने. मेरेकू तो अच्चा लगा." माझ्या शाळेतल्या बायकाही त्याच मताच्या होत्या. मीसुद्धा. खरं सांगायचं तर त्या गाण्याचे शब्द मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकले. इतकी वर्षं ताशा आणि बेंजोच्या खाली ते दबलेले होते. निरोपाचं असूनही मला ते गाणं सुखाचं वाटायचं, ते तसं नाहीच.

हे मी अप्पांना सांगितलं, तर त्यांना माझाच राग आला. "शब्द ऐकायचे तर पुस्तक वाच," म्हणाले. रात्री जेवले नाहीत. सकाळी त्यांनी पार्टीच्या चाहत्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आपल्या आवाजात एक निरोप टाकला. तो मी इथं आठवेल तसा देते: "मी इतकी वर्षं वाट बघितली. पार्टी जुळली, गाणं मोडलं. बेंजो न्हाई, ताशा न्हाई, अन् ती जागा बी न्हाई. अण्णाला माझं सांगणं हाय, जमत नसंल तर गिरणी चालवावी. पीठ चांगलं दळतोय." शेवटी ते स्वतःच हसलेही होते.

अप्पांचा आवाज खणखणीत. तो निरोप हुलसुरातून बसवकल्याणला, तिथून भालकीला आणि पुढं कुठं कुठं गेला. दुकानात, रिक्षात लोक लावून ऐकायचे. "पार्टी जुळली, गाणं मोडलं" ही म्हणच झाली. एका शेजारणीनं ती घरच्या नवरा-बायकोच्या भांडणातही वापरली. अप्पांना सुरुवातीला गंमत वाटली. लोक वाटेत थांबवून पाठ थोपटायचे. मी म्हटलं, हे ऐकून अण्णांना काय वाटत असेल याचा तरी विचार करा. "गाणाऱ्यानं टीका ऐकावी लागती," ते म्हणाले. पण दोन सुपाऱ्या पार्टीच्या हातून गेल्या असं कानावर आलं, तेव्हा ते ग्रुपमधून बाहेर पडले. निरोप मात्र फिरतच राहिला.

पुढच्या रविवारी दुपारी मी माहेरीच होते. दारात मोटरसायकल थांबली आणि अण्णा आत आले. स्टेजवर उंच दिसणारा माणूस आमच्या बैठकीत अगदी साधा दिसत होता, बाह्यांवर पीठ. त्यांनी पिशवीतून नारळ काढला, त्यावर सुपारी ठेवली आणि दोन्ही अप्पांच्या पुढ्यात सरकवलं.

"अप्पा, तुमची सुपारी परत घ्या."

अप्पांचा चेहरा पडला. सुपारी परत करणं आमच्याकडं फार वाईट. वाजवणारा ती परत करतो म्हणजे माझ्यानं होत नाही असं चारचौघांत कबूल करतो. अप्पांना राग काढायचा होता, हे नको होतं.

"कामून?" ते म्हणाले.

"तुमीच सांगितलाव की सगळ्या मुलखाला. ती जागा आता माझ्यानं व्हईना. घशाचं दाखवलं मी, डॉक्टर म्हणला, वर ताणायचं न्हाई. ताणलं तर हाय ते बी जाईल. तुमी त्या जागेसाठी सुपारी दिल्याली. मी लबाडी कशी करू?"

घशाचं आम्हाला माहीत नव्हतं. कुणालाच नव्हतं. अव्वा चहा घेऊन आली, कप ठेवताना तिनं नारळ बघितला आणि ती दाराशी जाऊन उभी राहिली. मला वाटलं, आता ती खूश होणार. इतक्या वर्षांनी ती बला घरातून जाणार होती.

अण्णांनी खिशातून एक पेनड्राइव्ह काढून नारळाशेजारी ठेवला. "ह्याच्यात जुनं हाय, सगळं. ताशा हाय, बेंजो हाय, ती जागा बी हाय. गाडीवर लावा म्हणून पोरांना सांगून ठेवा. तुमाला पायजे तसंच व्हईल."

अप्पा त्या पेनड्राइव्हकडं बघत राहिले. त्यांनी हात लावला नाही.

"मी मेलेला असणार," ते म्हणाले, "अन् म्होरं गाणं बी डब्यातलं? एक तरी जिता माणूस पायजे की तिथं."

"मग दुसरा बघा. पोरं हायती नवी."

"गा," अप्पा म्हणाले.

"आता?"

"आता. पेटीबिटी नगं."

अण्णांनी चहा बाजूला ठेवला आणि निरोपाचं गाणं म्हटलं. दुपारची वेळ, बाहेर मिरच्या वाळत घातलेल्या, आणि बैठकीत हा माणूस माझ्या वडिलांसमोर त्यांच्याच मर्तिकाचं गाणं म्हणतोय. लिहायला बसले तर विचित्र वाटतं, तेव्हा वाटलं नाही. ती जागा जवळ आली तशी अप्पांची हनुवटी सवयीनं वर गेली. अण्णा खाली उतरले. अप्पांची हनुवटी थोडा वेळ तशीच राहिली, मग त्यांनी ती खाली घेतली. माझ्या डोळ्यांत पाणी होतं आणि मी ते पुसलं नाही.

गाणं संपलं.

"आवडलं न्हाई," अप्पा म्हणाले. "खोटं कशाला बोलू. मला तेच पायजे व्हतं."

अण्णांनी मान हलवली आणि नारळ अजून थोडा पुढं सरकवला.

तेव्हा अव्वा दारातून पुढं आली. जत्रेपासून तोवर सगळ्या गावानं एकमेकांची मतं विचारली होती, तिला कुणी विचारलं नव्हतं, मीसुद्धा नाही. तिनं नारळ उचलला, सुपारी उचलली आणि दोन्ही अण्णांच्या पिशवीत परत घातलं.

"तुमाला आवडून काय करायचंय?" ती अप्पांना म्हणाली. "त्या दिवशी तुमी कुठं ऐकणार हाव? ऐकायचं तर मलाच हाय." मग ती अण्णांकडं वळली. "अण्णा, तुमी यावा. असंच म्हणावा, खालच्या आवाजात. त्या दिवशी मला मोठ्यानं सोसायचं न्हाई."

अप्पांनी तिच्याकडं बघितलं आणि मग खाली बघितलं. अण्णांचा चहा गार झाला होता. अव्वानं कप उचलला आणि दुसरा करायला आत गेली.