नानांचा चष्मा

राख सावडून घरचे परत आले त्या दुपारी वहिनींनी मागचं दार उघडलं आणि सासऱ्यांचं, नानांचं, सगळं बाहेर काढलं. हाताने नाही. खराट्याने ढकलत. गादी, चादर, उशी, स्वेटर, चपला, दाढीचा ब्रश, थुंकायचं भांडं, चष्मा.

मी आणि माय ओट्याखाली उभ्या होतो. जळगावातल्या त्या घरी माय धुणीभांडी करायची. शेवटचं वर्षभर तर नानांचं हगणंमुतणंही तिनेच काढलं. त्यांचा सख्खा मुलगा नाकाला रुमाल लावून दारातूनच विचारायचा, जेवले का.

वहिनी म्हणाल्या, "सगळं उचल. एक वस्तू मागे राहायला नको. तुमच्यात चालतं."

तुमच्यात. मी चौथीत होते. शब्द कळला नाही, आवाज कळला. आम्ही बोचकं उचललं तशी त्यांनी गोमूत्र शिंपडलं. नानांच्या वस्तू पडल्या होत्या तिथे नाही. आम्ही उभ्या होतो तिथे.

नशिराबादला आमची एकच खोली. त्या रात्रीपासून नानांची गादी माझ्या अंगाखाली, चादर अंगावर. चादरीला बामचा वास. मी रडले. माय धुळ्याकडची, तिची बोली तिकडची. म्हणाली, "माणूस मरस, चादर थोडीच मरस." आणि कूस बदलून झोपली. दिवसभर राबलेली बाई, तिला कुठली भुतं दिसणार? मला दिसायची. चादरीत कफ घरघरायचा. माझ्याच छातीतला असेल. पण घाबरायची मी नानांना.

पुढे त्या गल्लीत कोणीही गेलं की मायला बोलावणं. लोक मोठ्या मनाचे! घरातल्या जिवंत माणसाचं फडकंसुद्धा सुटायचं नाही, मेलेल्याचं मात्र सगळं आम्हाला. आमच्या घरात प्रत्येक वस्तूला मेलेल्या मालकाचं नाव होतं. मास्तरांचा कंगवा. कोपऱ्यावरच्या आजींचं लुगडं. कोणाची तरी माझ्याएवढी पोर तापाने गेली, तिचं दप्तर मी सातवीपर्यंत वापरलं. आत तिने पेनाने फूल काढलं होतं. मी वही काढताना तिकडे बघायचे नाही.

मायला अंधुक दिसायला लागलं तेव्हा मी लग्न होऊन, लेक घेऊन मायकडे परत आले होते. मायने फळीवरचा नानांचा चष्मा काढला, पदराने पुसला, लावला आणि कामावर गेली. वहिनी म्हणाल्या, "बरं झालं, कामी आला. चष्मा डोळ्याला बसायला वेळ लागतो." मायने त्याची खूणगाठ बांधली. उंबऱ्याला ठेचकाळली तरी तेच, भाजीऐवजी बोट कापलं तरी तेच. "डोयाले बसाले येळ लागस." धर्माची गाय, दात का गं नाय, असं विचारायचं नसतं ना. तिने विचारलं नाही. वर्षं गेली. चष्मा बसायची वाट बघत राहिली.

एका सकाळी तिने चहाचं आधण चुलीच्या शेजारी, भुईवर ओतलं. मग मी तिला दवाखान्यात नेलं.

डॉक्टरांनी चष्मा हातात घेऊन विचारलं, "हा कोणाचा?"

"नानास्ना शे."

"कोण नाना?"

"मरी गयात."

डॉक्टरांनी मायचे डोळे तपासले. मग माझ्याकडे बघून म्हणाले, "हा यांचा नंबरच नाही. काचबिंदू आहे. अंधुक दिसायला लागलं तेव्हाच आणायचं होतं. उजवा डोळा गेलाय. डावा वाचतो का बघू."

माय हसली. तिला वाटलं, नवा चष्मा देणार. माझ्या अंगाची आग झाली. मेलेल्या माणसाच्या नजरेने माझी आई इतकी वर्षं जग बघत होती. आणि तिला वाटत होतं, म्हातारपणी जग असंच दिसतं. डावा डोळाही वाचला नाही. अजूनही सकाळी उठली की तिचा हात फळीवर चाचपडतो. चष्मा मी कधीच काढून टाकलाय. हात थांबत नाही.

मायच्या जागी मी कामाला जायला लागले. त्याच घरी. यंदा वहिनींच्या सासूबाई, अक्का, गेल्या. राख सावडून झाली. मागचं दार उघडलं. गादी, लुगडी, वाटीत दातांची कवळी, तेलाची अर्धी बाटली. आणि काठी.

वहिनी म्हणाल्या, "काठी तुझ्या आईला होईल. आता दिसत नाही ना तिला."

त्या वाईट मनाने बोलल्या नाहीत. तेच वाईट होतं.

मी म्हटलं, "मी नेणार नाही."

"म्हणजे? इथे कोण उचलणार?"

"तुमच्या अक्का होत्या. तुम्ही उचला."

"अगं, आमच्यात मयताच्या वस्तूला हात लावत नाहीत."

"आमच्यातही नाही. आजपासून."

मी मागच्या दाराने गेले नाही. घरातून चालत गेले, देवघरावरून, बैठकीतून, पुढच्या दाराने. चपला मात्र मागेच राहिल्या. रस्ता तापलेला होता.

ते काम गेलं. गल्लीतली बाकीची घरंही गेली. "फार शहाणी झाली," असा निरोप आला. मायला सांगितलं तर ती चिडली, निदान काठी का आणली नाही म्हणून. म्हणाली, "काठी तरी लई येती."

तिला कसं समजवायचं मला अजून कळलेलं नाही. ती भिंत धरून चालते. काठी मी विकत आणणार आहे, दुकानातून, तिच्या उंचीला मोजून. तोवर तिने भिंत धरावी. पडली तर मी उचलेन. शिव्या दिल्या तर ऐकून घेईन. पण माझी लेक आता चौथीत आहे, आणि तिला घेऊन मी कोणाच्या मागच्या दाराशी उभी राहणार नाही.